उड्यांचा वाटा घेता, तर दुखापतींचाही हिशेब ठेवा

गेल्या महिन्यात सात वर्षांच्या भाच्याला घेऊन मी एका फ्रँचायझी साखळीच्या ट्रॅम्पोलिन पार्कमध्ये गेलो होतो. आत सोडण्यापूर्वी त्यांनी लांबलचक संमतीपत्रावर माझी सही घेतली, रबरी ठिपक्यांचे मोजे दिले आणि नियमांचा व्हिडिओ दाखवला. एका चौकोनात एका वेळी एकानेच उडी मारायची, हा त्यातला पहिला नियम. दहाच मिनिटांत एक थोराड मुलगा शेजारच्या चौकोनातून थेट भाच्याच्या चौकोनात उतरला. त्याच्या वजनाने दबलेले कापड उसळून वर येत असतानाच भाचा खाली येत होता. त्या धक्क्याने तो तिरका भिरकावला गेला आणि दोन चौकोनांमधल्या गादीच्या पट्टीवर गुडघ्यांवर आदळला. हाड शाबूत राहिले, हे नशीब. देखरेखीचा तरुण तेव्हा दुसऱ्या टोकाला एका रडणाऱ्या मुलाला समजावत होता. त्याला मी दोष देत नाही, कारण एवढ्या मोठ्या जागेवर तो एकटाच होता.

ही घटना अपवादात्मक नाही. जड माणसाने कापडात साठवलेली ऊर्जा हलक्या मुलाच्या पायांना मिळते आणि तिला तोंड देण्याइतकी ताकद त्या पायांत नसते. सहा वर्षांखालील मुलांमध्ये गुडघ्याच्या किंचित खाली नडगीचे हाड मोडण्याचा प्रकार डॉक्टरांना चांगला परिचित आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये घरगुती ट्रॅम्पोलिनबद्दल नोंदवले होते की, सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात. त्याच देशात ट्रॅम्पोलिन पार्कमधील दुखापतींसाठी आपत्कालीन विभागात आलेल्यांची अंदाजे संख्या 2010 मध्ये 581 होती, ती 2014 मध्ये 6,932 झाली. त्या काळात पार्कही झपाट्याने वाढले, हे खरे. पण म्हणूनच देखरेखीचा प्रश्न अधिक गंभीर होतो.

माझा खरा आक्षेप फ्रँचायझीच्या आर्थिक रचनेवर आहे. मूळ कंपनी नाव, आराखडा आणि नियमपुस्तिका देते आणि त्याबदल्यात सुरुवातीचे शुल्क व पुढे रॉयल्टी घेते. ही रॉयल्टी सहसा नफ्यावर नव्हे, तर एकूण विक्रीवर आकारली जाते. म्हणजे गर्दी वाढली की कंपनीचे उत्पन्न वाढते, परंतु त्या गर्दीसाठी लागणाऱ्या जादा माणसांचा पगार शाखाचालकाच्या खिशातून जातो. मग रविवारी संध्याकाळी दोन माणसांच्या जागी एकच उभा असतो, यात नवल ते काय? अमेरिकेत 2013 मध्ये एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे आणि 2022 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे खास ट्रॅम्पोलिन पार्कसाठीचे सुरक्षा मानक आले. तरीही त्या क्षणी तेथे माणूसच नसेल, तर मानक कागदावरच राहते.

मुलांनी उड्या मारू नयेत, असे मी मुळीच म्हणत नाही. भाचा पुन्हा जायचा हट्ट धरून बसला आहे. किती मुलांमागे किती देखरेख करणारे, हे कंपनीने करारातच बांधून द्यावे आणि प्रत्येक शाखेतील दुखापतींची संख्या तिकीट खिडकीवर लावावी, एवढीच माझी मागणी आहे. मी मुख्य कार्यालयाला तसे लिहिले, तेव्हा शाखा स्वतंत्र मालकीची असल्याचे उत्तर आले. शाखेने माझी सही असलेले संमतीपत्र पुढे केले. दुसऱ्या पत्रात मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला आहे, की त्या वेळी त्या जागेवर किती माणसे नेमलेली होती. उत्तर अजून आलेले नाही.