‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’? आत्या मागच्या दारी उभी होती

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक फॉरवर्ड आला. दोन दिवसांत तोच सोसायटीच्या गटावर, मग शाळासोबत्यांच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘अतिसंवेदनशील’ हे नवं फॅड आहे. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. लाडावलेल्या, मनाने कच्च्या, माणूसघाण्या पोरांना दिलेलं हे गोंडस नाव. चार दिवस गोंगाटात ठेवा, कातडी आपोआप जाड होईल.

आधी ‘आमच्या वेळी’बद्दल. आवाज, स्पर्श, दुसऱ्याचं मन इतरांपेक्षा जास्त जाणवणाऱ्या माणसांचं हे नाव नवं आहे, हे कबूल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन एरॉन यांनी ते १९९०च्या दशकात रूढ केलं. १९९७ साली त्यांनी आणि त्यांचे पती आर्थर यांनी २७ प्रश्नांची मोजपट्टी शोधनिबंधात मांडली. पण नाव उशिरा पडलं म्हणून माणूसही उशिरा जन्मलं, असं कसं?

मी सातवीत होते, चुलतबहिणीचं लग्न. कार्यालयात बाहेर बँड, आत स्पीकरवर सनई, वाढप्यांची हाकाटी, आणि माझ्या पोलक्याची जर मानेला टोचतेय. मंगलाष्टकं संपायच्या आत मी मागच्या दारी सटकले, जिथे मोठी पातेली घासत होते. तिथे आत्या आधीच उभी. पिशवीतून आणलेलं पांढरं फडकं कपाळाला आवळलेलं, बामचा वास. ‘डोकं उठलंय गं,’ म्हणाली, ‘तूही आलीस?’ मग दोघी नळाची धार ऐकत उभ्या राहिलो.

घरात आत्याची ख्याती ‘नखऱ्याची’ अशीच. दार आपटलं की दचकायची, घरात भांडण झालं की तिला घास उतरायचा नाही. पण कुणाची सून रडून आलीय, हे तिला चहाचा कप हातात देतानाच कळायचं. हळवी, मनाला लावून घेणारी, लाजाळूचं झाड: एवढे शब्द मराठीत नव्हत्याच अशा माणसांसाठी घडले का?

आता ‘लाड’ आणि ‘कच्चं मन’. हा आजार नाही, डॉक्टरांच्या निदानांच्या यादीत तो नाही. हा स्वभावाचा भाग, कुणात कमी, कुणात जास्त. २०१८च्या एका अभ्यासात साधारण ३१ टक्के लोक जास्त संवेदनशील गटात आले, २९ टक्के कमी, बाकीचे मधले. एरॉन यांचा स्वतःचा अंदाज १५ ते २० टक्क्यांचा होता. ब्रिटनमधल्या किशोरवयीन जुळ्यांच्या २०२०च्या अभ्यासात माणसामाणसातल्या या फरकाचा ४७ टक्के वाटा आनुवंशिक निघाला. उरलेल्यात लाड असतील, मार असेल, आणखी बरंच काही. एक गोष्ट लपवत नाही: हे सगळं बहुतांशी लोकांनी स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभं आहे, आणि चिंतातुर स्वभावाशी त्याची बरीच सरमिसळ होते. झोप उडाली, घराबाहेर पडवेना, तर ‘माझा स्वभावच असा’ म्हणून बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

माणूसघाणेपणाचं उत्तर दोन ओळींत होतं. एरॉन यांच्या मते अतिसंवेदनशील माणसांतले सुमारे ३० टक्के बहिर्मुख असतात. आत्या बावीस बायकांची भिशी चालवायची.

आणि ती जाड कातडी. मी पुण्यात मिरवणुकीच्या रस्त्याला लागून तेवीस वर्षं राहतेय, म्हणजे तेवीस विसर्जनं झाली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. त्या रात्री आमच्या कपाटातल्या काचेच्या बरण्या एकमेकींवर आपटत असतात. मला सवय झाली ती एवढीच, की कापसाचे बोळे आता अंधारातही सापडतात. छातीत जे धडधडायचं ते तसंच धडधडतं.

उलट दिशेचा पुरावा मात्र आहे. लंडनमधल्या एका गरीब वस्तीतल्या शाळेत साधारण अकरा वर्षांच्या मुलींसाठी नैराश्य टाळण्याचा एक कार्यक्रम राबवला होता. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले: फायदा झाला तो जास्त संवेदनशील मुलींना, कमी संवेदनशील मुलींमध्ये तो दिसलाच नाही. ज्याच्या मनाला ओरडा जास्त लागतो, त्याच्या मनाला चांगला शब्दही जास्त भिडतो. गोंगाटात टाकायची भाषा करणाऱ्यांच्या हिशेबात ही दुसरी बाजू येतच नाही.

जाता जाता, या फॉरवर्डचा एक जुळा भाऊही फिरतोय: संवेदनशील माणसं म्हणजे दैवी देणगी, सहावं इंद्रिय. तोही मला पटत नाही. माझ्या साहेबांनी एकदा मेलला नुसतं ‘ओके.’ असं उत्तर दिलं. त्या पूर्णविरामावर मी तीन रात्री जागले. चौथ्या दिवशी कळलं, गाडीत बसता बसता फोनवर टाइप केलं होतं. कसलं आलंय सहावं इंद्रिय!

हे सगळं मी नातेवाइकांच्या गटावर टाकलं. नऊ अंगठे आले, एका काकांनी गुड मॉर्निंग पाठवलं. आईने मात्र वेगळा मेसेज केला, फक्त मला: ‘वन्सं डोक्याला बांधायच्या ते फडकं माझ्या कपाटात आहे. मी त्यांना ढोंगी म्हणायचे.’