सातवा स्पेसर

सायकलच्या मागच्या चाकावरची कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांची चळत, उतरवायला बळ लागते आणि ते कोल्हापुरात मुबलक आहे. ती परत चढवायला सबुरी लागते, आणि तिचा पुरवठा आमच्या पेठेत पहिल्यापासूनच तोकडा आहे. पावसाळ्यात वाघबीळ चढून पन्हाळ्याला जाऊन आलेल्या सायकलीच्या चकत्यांमध्ये चिखल आणि ग्रीस यांचे असे काही काळे मिश्रण साचते की, ब्रशने ते हलत नाही आणि पाण्याच्या फवाऱ्याने फक्त जागा बदलते. अशा वेळी कॅसेट पूर्ण सुटी करून डिझेलमध्ये टाकणे हाच खरा उपाय असतो. तो उपाय माझ्या भाच्याने मला न विचारता केला. काढताना कोणती वस्तू कोणत्या वस्तूनंतर आली याची नोंद ठेवण्याची आवश्यकता त्याला भासली नाही, कारण त्याच्या मते ‘मामा, ते एकाच बाजूने बसतं.’

हे अर्धसत्य होते, आणि अर्धसत्याला तोंड देणे धादांत खोट्यापेक्षा कठीण असते. चकत्या ज्यावर ओवतात त्या फ्रीहबच्या अंगावर उभ्या खाचा असतात आणि त्यांतल्या एकीची रुंदी इतरांहून वेगळी ठेवलेली असते, त्यामुळे चकती मनाला येईल त्या कोनात बसत नाही. या व्यवस्थेमागे कारण आहे. चकत्यांच्या बाजूंवर तिरके उतार कोरलेले असतात आणि काही दात मुद्दाम वेगळ्या आकारात कापलेले असतात. एका चकतीवरचा उतार शेजारच्या चकतीवरच्या ठराविक दातासमोर आला, तरच पेडल मारता मारता चेन सुखाने वर चढते. म्हणजे खाच कोन सांभाळते. परंतु पंधरा दातांची चकती आधी घालावी की अठरा दातांची, आणि दोघींच्या मध्ये अंतर राखणारी कडी, म्हणजे स्पेसर, घातला की नाही, याच्याशी त्या खाचेला काही देणेघेणे नसते.

धुतलेला माल आईने ताब्यात घेतला. स्वच्छ दिसणारी कोणतीही धातूची वस्तू ही स्वयंपाकघरातली आहे, असा तिचा समज असल्यामुळे तिने चकत्या पुसून परातीत मोठीवर लहान अशा रचल्या, स्पेसर मात्र ‘वायसर’ म्हणून वाटीत काढून ठेवले. क्रमाचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला, हे तिच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. 11, 13, 15, 18, 21, 24, 28 आणि 32 असे दातांचे आकडे चकत्यांवर कोरलेले होते, आणि कोरलेली बाजू बाहेर ठेवायची एवढे पथ्य पाळले की पुढचे काम सरळ होते. ते सरळ राहिलेही असते, पण तेवढ्यात शेजारचे आप्पा आले.

आप्पांनी उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवले आहे. निवृत्तीनंतरही ते खिशात चष्म्याऐवजी व्हर्नियर बाळगतात आणि त्यांच्या दृष्टीने जगातील यच्चयावत वस्तूंचे दोन प्रकार आहेत : मापात असलेल्या आणि कुणीतरी बिघडवलेल्या. त्यांनी परातीकडे पाहिले, वाटीकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘चकत्या आठ, म्हंजे फटी सात. वायसर सहाच कसं काय?’

यानंतर घरात जे घडले त्याला शोधमोहीम म्हणणे फारच सौम्य ठरेल. डिझेलचा डबा गाळून झाला. मोरीची जाळी काढण्यात आली. भाच्याची उलटतपासणी झाली आणि त्याने न केलेला गुन्हा दोनदा कबूल केला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खाली येऊन ‘मी बघतो की’ म्हणत केरसुणीने अंगणाचा कोपरा न् कोपरा झाडला. त्यात गेल्या वर्षी हरवलेले त्यांचे जोडवे सापडले आणि त्या समाधानाने परत गेल्या. स्पेसर मात्र सापडेना. त्याच्यावाचून काम उरकणे शक्य नव्हते, कारण आठ गिअरच्या कॅसेटमध्ये चकती 1.8 आणि स्पेसर 3 मिलिमीटरचा असतो. म्हणजे गिअरच्या खटक्याबरोबर चेन 4.8 मिलिमीटर सरकणार हे ठरलेले असते, आणि एक स्पेसर गळाला तर त्यापुढची प्रत्येक चकती आपल्या जागेपासून 3 मिलिमीटर ढळते.

‘तीन एमएमची रिंग? उद्यमनगरात दहा मिनिटांत मारून आणतो,’ आप्पा म्हणाले, आणि नमुन्याचे माप घ्यायला बसले. सहाही स्पेसर सारखेच निघाले, त्यामुळे ते आपसात बदलले तरी बिघडत नाही हा दिलासा मिळाला. मग हात शिवशिवत होते म्हणून त्यांनी चकत्याही मोजायला घेतल्या. सात चकत्या शिस्तीत 1.8 भरल्या. अकरा दातांची सर्वांत लहान चकती त्याच्या कितीतरी पुढे गेली. आप्पांनी ती उलटी केली, पालथी केली, आणि आतल्या अंगाला असलेल्या जाड कडेवरून अंगठा फिरवत बराच वेळ गप्प राहिले. सातवा स्पेसर तिच्या अंगातच घडवलेला होता. कारखान्यातून तो कधी वेगळा आलाच नव्हता, तेव्हा हरवणार कुठून?

‘कुणी काढलं हे?’ त्यांनी आदराने विचारले. जपानमधल्या साकाई गावी 1921 साली सुरू झालेल्या शिमानो कंपनीने पहिल्यांदा फ्रीव्हीलच, म्हणजे पेडल थांबले तरी चाक फिरू देणारा दातेरी भागच, बनवले होते, असे मी सांगितले. ‘म्हंजे तिथलं उद्यमनगरच की ते,’ असा निर्वाळा मिळाला.

राहिले लॉकरिंग, म्हणजे सगळ्या चकत्या बाहेरून आवळून धरणारी कडी. त्यावर 40 न्यूटन-मीटर असे कोरलेले असते. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे सोळा किलोचा भार द्यावा, एवढाच त्याचा अर्थ. आप्पांच्या सोयीसाठी मी तो मार्केट यार्डातल्या गुळाच्या दहा किलोच्या रव्यात आणि वर सहा किलोंत सांगितला. काढताना चकत्या उलट्या फिरू नयेत म्हणून चेनच्या तुकड्याचे हत्यार लावावे लागते, पण आवळताना फ्रीहब स्वतःच अडून धरतो. फक्त चाक घट्ट पकडायचे. लॉकरिंगच्या खालच्या अंगाला बारीक दाते असतात, ते शेवटच्या चकतीवर कर्रकर्र वाजतात आणि तसे वाजलेच पाहिजेत. पहिल्या आवाजालाच आई आतून ओरडली, ‘मोडलं बघ!’ आप्पांनी चाक सोडले, भाचा दाराबाहेर गेला आणि चाक धरायला कुणी उरले नाही.

शेवटी सगळे पुन्हा गोळा झाले, लॉकरिंग बसले, चकत्या हाताने हलवून पाहिल्या तर एकही हलली नाही, आणि चेन अकरापासून बत्तीसपर्यंत कुरकुर न करता चढली. आप्पा मात्र बेचैन दिसत होते. त्यांनी हातातला पाना पुसला, माझ्याकडे न पाहता ‘आमच्या सायकलचं पण एकदा खोलून बघू की’ म्हणाले आणि घराकडे निघाले. त्यांच्या जुन्या बावीस इंचीचे फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवलेले असते, त्याला कॅसेटचा हा पाना लागूच पडत नाही, हे मी त्यांच्या मागे जाऊन सांगेपर्यंत त्यांनी मागचे चाक काढून आईकडे परात मागितली होती.