अंगठाबहाद्दर

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," असं ती बाई मला बुधवारी सकाळी अकरा वेळा म्हणाली. बाई म्हणजे मशीनमधली. आमच्या कला महाविद्यालयात हजेरीसाठी बोट टेकवायचं यंत्र बसवलंय, आणि त्याच्या मते मी आलेलोच नाही. डोंबिवलीहून लोकलला लोंबकळत आलो त्याची दखल फक्त माझ्या खांद्याने घेतली.

मी प्रिंटमेकिंग शिकवतो. मंगळवारी एचिंग झालं होतं, म्हणजे ॲसिडने धातूच्या प्लेटवर रेषा कोरून त्यावरून चित्र छापायचं. झिंकच्या प्लेटवर शाई चोळायची, जाळीदार कापडाने पुसायची आणि शेवटचा हात उघड्या तळव्याने फिरवायचा, म्हणजे शाई कोरलेल्या रेषांत तेवढी राहते. वीस वर्षं हेच. जोडीला नायट्रिक, रॉकेल, टर्पेंटाइन. प्लेटवरच्या रेषा खोल होत गेल्या, बोटावरच्या गेल्या.

यंत्राशेजारी स्टुलावर शिपाईमामा असतात. देवळात पुजारी बसतो तसे.

"सर, कपाळावर घासा."

"काय?"

"बोट. कपाळाचं तेल लागलं की घेतं. हेडक्लार्कसाहेबांचं तर नाकावर घासल्याशिवाय घेतच नाही."

घासलं. यंत्राने घेतलं नाही. कपाळाने घेतलं, नखातली कालची काळी शाई.

"आता फुंकर मारा."

मारली.

"तुम्ही रागाने लावताय, सर. त्याला कळतं."

मागे रांग वाढलेली. पहिल्या वर्षाची एक मुलगी "सर, एक मिनिट हं" म्हणत माझ्या काखेखालून हात घालून, "धन्यवाद" मिळवून गेली. मामा जरा जवळ सरकले. "खरं सांगा, घरी भांडी घासता का? आमच्या हिचं बोटपण रेशनच्या दुकानात घेत नाही. दोन-दोन फेऱ्या मारते बिचारी."

भांडी मी घासतो, पण ते मामांना कशाला सांगा?

१८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा छाप करारावर घेतला, उद्या त्याने सही नाकारू नये म्हणून. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचं सरकारी कार्यालयच निघालं. म्हणजे हा धंदाही मुळात आमचाच, शाई आणि कागदाचा. काच आली आणि आम्ही बाद.

तसे बादच आहोत म्हणा. १८९४ साली रविवर्म्याने याच मुंबईत लिथोग्राफीचा, म्हणजे दगडावरून छपाईचा, छापखाना काढला आणि घराघरांत लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आल्या. आमच्या विभागातला लिथोचा दगड सध्या दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी असतो. मुलं विचारतात, "सर, ॲपमध्ये एचिंगचा इफेक्ट आहे, मग ॲसिड कशाला?" झिंकच्या प्लेटा मी गुलालवाडीतून पदरचे पैसे घालून आणतो, त्याची बिलं मार्चपासून ऑफिसात पडून आहेत. आणि मी तासिका तत्त्वावर, त्यामुळे बोट उमटलं नाही तर तास झालाच नाही. समोर बावीस मुलं बसली होती, त्यांची साक्ष चालत नाही.

हेडक्लार्कसाहेबांनी अर्ज लिहून घेतला. "खाली अंगठा द्या."

"सही करतो ना!"

"मशीन आल्यापासून सह्या बंद. अंगठाच हवा."

जांभळं स्टॅम्पपॅड पुढे आलं. मी अंगठा दाबला. चिखल झाला. दुसरा कागद, दुसरा चिखल. तेवढ्यात मामा आत आले, वाकून बघितलं आणि माझं मनगट धरलं.

"शाई जास्त घेताय, सर. आणि दाबू नका, लोळवा. डावीकडून उजवीकडे, एकदाच. परत मागे यायचं नाही."

नेमकं हेच वाक्य मी मंगळवारी एका मुलाला रोलरबद्दल ओरडून सांगितलं होतं. निमूटपणे लोळवला. काय सुरेख उमटला! मधे दोन पांढऱ्या चिरा, कडेला पुसट करडी छटा, अगदी ॲक्वाटिंटसारखी. हात आपोआप खिशाकडे गेला आणि मी छापचित्रांच्या सवयीने ठशाखाली डावीकडे लिहिलं, १/१, म्हणजे एकातली पहिली प्रत. उजवीकडे सही.

हेडक्लार्कसाहेबांनी चष्मा वर केला.

"सर, पेन्सिल चालत नाही इथे. नवीन अर्ज आणा."