गाडी रात्री कुठे उभी असते?

इंग्लंडमध्ये बोटीवर राहणाऱ्या माणसाने गाडीचा विमा कसा काढायचा, यावर मी बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. परवा आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुकत्याच आलेल्या एका मुलाला कुणीतरी सल्ला दिला, "फॉर्मवर कुठलाही पत्ता टाक रे, जिथे स्वस्त पडेल तिथला." त्यावर भराभर अंगठे पडले. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण हा सल्ला पाळला आणि नशिबाने साथ दिली नाही, तर त्या मुलाची पुढची कित्येक वर्षं ते निस्तरण्यात जातील. म्हणून आज लिहायला बसले. लांबलं तरी कृपया वाचा.

मी आणि माझा नवरा नॅरोबोटीवर राहतो. जेमतेम सात फूट रुंदीची, लांबलचक पोलादी बोट. आत चूल, पलंग, पुस्तकं, देव, सगळं आहे. लंडनपासून बर्मिंगहॅमपर्यंत जो ग्रँड युनियन कालवा जातो, १३७ मैलांचा आणि १६६ लॉकचा (लॉक म्हणजे बोट पाण्याच्या वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी, दोन्हीकडे दारं असलेली जागा), त्यातल्या मार्सवर्थ, लेटन बझर्ड, मिल्टन कीन्स, स्टोक ब्रुअर्न या पट्ट्यात आम्ही असतो. आमच्यासारख्यांना इथे 'कंटिन्यूअस क्रूझर' म्हणतात, म्हणजे ज्यांनी कुठल्याही मरिनात, म्हणजे बोटींच्या तळावर, कायमची जागा घेतलेली नाही असे बोटवाले. हे लपूनछपून राहणं नव्हे. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातच त्याची सोय आहे. कायमची जागा नसेल तर बोट खरोखर प्रवासासाठी वापरा आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबू नका, एवढी अट आहे. परिस्थितीच तशी असेल, कालवा गोठला किंवा घरात आजारपण आलं, तर वाजवी तेवढा जास्त मुक्काम करता येतो. २०१२ पासून हे कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. ट्रस्टचं लायसन, बोटीचा स्वतःचा विमा आणि दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र, हे सगळं आमच्याकडे असतं.

आता गाडी. मी सामुदायिक फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघात झालेले, खुब्याचं हाड मोडलेले वृद्ध रुग्ण दवाखान्यात येऊ शकत नाहीत, मलाच त्यांच्या घरी जावं लागतं. त्यामुळे गाडी हवीच, आणि तिचा विमाही कामासाठी गाडी वापरण्याची परवानगी असलेला हवा. बोट पुढे हलवली की आमच्यातला एक जण सायकलवर टोपाथने, म्हणजे कालव्याकाठच्या वाटेने, मागे जातो आणि गाडी घेऊन येतो. मग ती पुलाजवळच्या रस्त्यावर किंवा एखाद्या खेड्यातल्या गल्लीत, जिथे कुणाला अडचण होणार नाही अशा ठिकाणी लावतो. कालव्यावर राहणारे बहुतेक गाडीवाले असंच करतात.

विम्याचा ऑनलाइन फॉर्म मात्र पहिल्याच पानावर अडतो. पोस्टकोड टाका. टाकला की त्या पोस्टकोडातल्या घरांची यादी उघडते. तुमचं घर निवडा. मग पुढचा प्रश्न: गाडी रात्री याच पत्त्यावर असते का? गॅरेजमध्ये, दारात की रस्त्यावर? बोटीला घर क्रमांक नाही, त्यामुळे पुढे जाताच येत नाही. जे मरिनात रीतसर राहतात, ज्यांच्या मूरिंगला (बोट बांधायच्या जागेला) निवासी परवानगी आहे आणि जे कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टीसुद्धा भरतात, त्यांचीही सुटका होईलच असं नाही. मरिनाचा पोस्टकोड टाकला की संगणक त्या जागेला व्यवसायाची जागा समजू शकतो.

नीट पाहिलं तर या एका रकान्यात तीन वेगवेगळे प्रश्न कोंबलेले आहेत. तुमचं टपाल कुठे येतं? तुम्ही राहता कुठे? आणि गाडी रात्री कुठे असते? घरात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत तिन्हींचं उत्तर एकच असतं, म्हणून त्याला हे कधी जाणवतही नाही. आमच्या बाबतीत उत्तरं तीन आहेत आणि तिन्ही खरी आहेत. माझं टपाल नणंदेच्या घरी येतं, ड्रायव्हिंग लायसनवर आणि गाडीच्या नोंदणीपत्रावरही तोच पत्ता आहे. राहते मी बोटीवर. गाडी असते बोटीच्या आसपास. यात लपवण्यासारखं काहीही नाही, पण फॉर्मला ते सांगायची सोय नाही.

भारतातून आलेल्या माणसाला या पोस्टकोडाचं महत्त्व पटकन कळत नाही, ते का हे मला समजतं. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवतं, तोही इंजिनच्या क्षमतेवर. २०२२ च्या अधिसूचनेत १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये होते, मग गाडी दादरची असो नाहीतर गडचिरोलीची. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी गाडी कुठे नोंदलेली आहे ते पाहतात, पण तिथेही पुणे-मुंबईसकट आठ मोठी शहरं एका झोनमध्ये आणि बाकी सगळा देश दुसऱ्या झोनमध्ये. गाडी रात्री कुठे उभी असते हे आपल्याला कुणी विचारत नाही. इथे एका पोस्टकोडात सरासरी पंधराएक घरं असतात आणि त्या पातळीवर दर बदलतो. चोऱ्या, अपघात, दावे यांची आकडेवारी पोस्टकोडनिहाय साठवलेली असते. शेजारच्या गल्लीत राहायला गेलात तरी हप्ता बदलू शकतो. म्हणूनच 'स्वस्त पत्ता' हा मोह इथे इतका मोठा आहे.

आमच्या जवळच्या मैत्रिणीनेही मला प्रेमाने सांगितलं होतं, "अगं, आमच्याच दारात उभी असते म्हणून सांग की. आम्ही काय नाही म्हणणार आहोत?" तिचं मन मोठं आहे. पण गाडी तिच्या दारात उभी नसते, आणि मुद्दा तोच आहे.

कायदा काय म्हणतो ते सांगते. २०१२ साली ग्राहकांच्या विम्यासाठी इथे नवा कायदा झाला आणि तो एप्रिल २०१३ पासून लागू आहे. त्याआधी गाडीच्या विम्यालाही जहाजांच्या विम्याच्या कायद्यातली, १९०६ च्या मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्टमधली तत्त्वं लावत. कंपनीने विचारो न विचारो, जोखमीशी संबंधित सगळं ग्राहकानेच आपण होऊन सांगायचं आणि राहून गेलं तर पॉलिसी बाद. नव्या कायद्याने हे ओझं हलकं केलं. आता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वाजवी काळजी घेऊन खरं द्यायचं, एवढीच ग्राहकाची जबाबदारी. प्रश्न किती स्पष्ट होता, हेही त्यात पाहिलं जातं. बोटवाल्यांसाठी हा मोठा आधार आहे, कारण 'गाडी रात्री कुठे असते' या प्रश्नाला आमच्यासाठी सरळ एका ओळीचं उत्तर नाही, हे आम्ही म्हणू शकतो.

पण याच कायद्याची दुसरी बाजू कडक आहे. निष्काळजीपणाने चुकीची माहिती दिली आणि खरी माहिती कळली असती तर कंपनीने ८०० पौंड घेतले असते, पण तुम्ही ६०० च भरलेत, तर दाव्याचे पैसेही त्याच प्रमाणात, म्हणजे तीन चतुर्थांशच मिळू शकतात. आणि माहिती जाणूनबुजून खोटी दिली असेल, तर कंपनी पॉलिसी मुळापासून रद्द करू शकते, एकही दावा न देता हप्तासुद्धा ठेवून घेऊ शकते. मैत्रिणीच्या दारात गाडी नसते हे ठाऊक असताना तसं लिहिणं यातल्या कुठल्या प्रकारात बसेल, ते वेगळं सांगायला नको.

अपघातात समोरच्याला लागलं तर त्याला भरपाई मिळते, त्याचं संरक्षण १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने केलेलं आहे. पण मग कंपनी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते, आणि गंभीर दुखापतीची भरपाई इथे लाखो पौंडांत जाते. शिवाय पॉलिसी रद्द झाल्यावर गाडी चालवताना सापडलात तर ३०० पौंड दंड आणि ड्रायव्हिंग लायसनवर दंडाचे ६ पॉइंट. ज्यांनी पहिली ड्रायव्हिंग टेस्ट पास होऊन दोन वर्षं झालेली नाहीत, त्यांचं लायसन ६ पॉइंटला थेट रद्द होतं. आपले बहुतेक नवे लोक नेमके याच दोन वर्षांत असतात. आणि "आजवर तुमची पॉलिसी कधी विमा कंपनीने रद्द केली आहे का?" हा प्रश्न त्यानंतर दर वर्षी, दर कंपनीच्या फॉर्मवर तुमची वाट पाहत असतो. ग्रुपवरच्या त्या मुलाला हे कुणी सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग करायचं काय? तुलना करणाऱ्या वेबसाइट बाजूला ठेवायच्या आणि फोन उचलायचा. ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनकडे ब्रोकर शोधून देण्याची सोय आहे. बोटीचा विमा जिथे काढता तिथेही विचारा. आम्हाला योग्य ब्रोकर तसाच मिळाला. त्याला पहिल्याच वाक्यात सगळं सांगायचं: मी बोटीवर राहते, टपालाचा पत्ता हा, गाडी रात्री कालव्याच्या या पट्ट्यातल्या सार्वजनिक रस्त्यांवर असते, काम हे. काही कंपन्या नाही म्हणतात. एका कंपनीच्या माणसाने मला "मग तुम्ही बेघर आहात का?" असं विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती, त्याच्या पडद्यावर तेवढेच दोन पर्याय असावेत. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीशेजारी बसून हा प्रश्न ऐकणं सोपं नसतं.

शेवटी जी पॉलिसी मिळाली, ती वेबसाइटवरच्या सर्वात स्वस्त आकड्यापेक्षा महाग आहे. पण गाडी ठरावीक ठिकाणी नसते हे कंपनीने ईमेलवर लेखी मान्य केलेलं आहे. तो ईमेल मी जपून ठेवला आहे आणि तुम्हीही ठेवा, फोनवरच्या तोंडी होकारावर थांबू नका. दर नूतनीकरणाला तीच माहिती पुन्हा नीट तपासा.

दुसरा एक चांगला मार्ग आहे. गाडीसाठी भाड्याने एक कायमची जागा घ्यायची, एखाद्या शेतकऱ्याच्या आवारात किंवा कुणाच्या घरासमोरच्या रिकाम्या ड्राइव्हवर, आणि रात्री गाडी खरोखर तिथेच लावायची. मग तो पोस्टकोड खरा ठरतो. रोज सायकल मारायची तयारी हवी, एवढंच. टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवांचा पत्ता पत्रांसाठी ठीक आहे, पण गाडी तिथे असते असं त्यावरून लिहू नका. आणि शक्य असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरा. महिन्याच्या हप्त्यांवर विमा घेणं हे इथे कर्ज धरलं जातं, त्यासाठी पत तपासतात, आणि पत्त्याचा इतिहास तुटक असेल तर नकार येऊ शकतो. ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच हे जमत नाही, आणि म्हणूनच मला याचा राग येतो.

विमा कंपन्यांची बाजू मला कळते. फिरत्या गाडीची जोखीम मोजायला त्यांच्याकडे आकडे नाहीत, आणि कुठली जोखीम घ्यायची हे ठरवण्याचा त्यांना अधिकार आहे. जास्त हप्ता घ्या, मी भरते. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न खरं उत्तर देता येईल असा विचारा. टपालाचा पत्ता, राहण्याची पद्धत आणि गाडीची रात्रीची जागा यांना तीन वेगळे रकाने द्या आणि शेवटच्या रकान्यात 'बदलती जागा, या परिसरात' असा पर्याय ठेवा. हे अशक्य नाही. कायमचा पत्ता नसलेल्या माणसाला इथे 'स्थानिक संबंधाचं' घोषणापत्र देऊन मतदार यादीत नाव घालता येतं. डॉक्टरकडे नोंदणी करताना पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. आमच्या बोटीवर ठळक क्रमांक आहे आणि ट्रस्टचे कर्मचारी टोपाथवरून फिरून कुठली बोट कधी कुठे दिसली याची नोंद ठेवतात. आम्ही कुठे असतो याचा लेखी पुरावा घरात राहणाऱ्या कित्येकांपेक्षा आमच्याकडे जास्त आहे. २०२३ पासून वित्तीय कंपन्यांवर 'कन्झ्युमर ड्यूटी'चं बंधन आहे, ग्राहकाचं टाळता येण्याजोगं नुकसान होऊ नये हे त्यांनी पाहायचं आहे. जो फॉर्म माणसाला खोटं लिहायला किंवा निघून जायला भाग पाडतो, तो या बंधनात कसा बसतो, हे मी माझ्या खासदारांना पत्र लिहून विचारलं आहे. व्हॅनमध्ये राहणारे, घर बदलताना मधले काही महिने मित्राकडे काढणारे, घटस्फोटात घराबाहेर पडलेले, या सगळ्यांचा हा प्रश्न आहे. आम्ही बोटवाले त्यात थोडे जास्त उठून दिसतो, इतकंच.

कुणाचा दावा पत्त्यावरून अडवला गेला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिला उत्तराला आठ आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही तर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, तिथे पैसे लागत नाहीत. मात्र कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जा.

ब्रोकरचं नाव इथे उघड लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. बोटीवर राहणारं किंवा राहायचा विचार करणारं कुणी असेल, किंवा नव्याने येऊन पत्त्यांच्या घोळात अडकलेलं असेल, तर मेसेज करा. आणि ग्रुपवर त्या मुलाला ओळखणारं कुणी हे वाचत असेल तर त्याला आजच सांगा: पॉलिसी काढली असेल तर कंपनीला फोन करून पत्ता दुरुस्त करून घे, अपघात व्हायच्या आधी.