परत विचारायला गुण नाहीत

"हाउ मच इज द शर्ट? ए, १९ पाउंड १५. बी, ९ पाउंड १८. सी, ९ पाउंड १५. उत्तर सी."

चीनमध्ये शाळा शिकलेल्या तिशीच्या आतल्या कुणालाही विचारा, हा शर्ट किती पाउंडांचा ते तो झोपेतही सांगेल. तिथल्या विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजीच्या श्रवण भागाच्या सुरुवातीला छापलेला हा नमुना प्रश्न आहे. वर्षानुवर्षं तोच शर्ट आणि तीच किंमत. मी चीनमध्ये सहा वर्षं राहिले. नवऱ्याचा कापडाचा व्यवसाय, त्यामुळे आमचं बिऱ्हाड झेजियांग प्रांतातल्या शाओशिंगजवळ खछियाओला होतं. तिथली कापडपेठ एवढी मोठी की इचलकरंजी, भिवंडी, सुरतेची माणसं तिथे रोज भेटायची. वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायची. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती माझ्याकडे इंग्रजी बोलायला यायची. मला 'आयी' म्हणायची. चिनीत त्याचा अर्थ मावशी, काकू. पण पहिल्या दिवशी दारात उभं राहून तिने "आयी" अशी हाक मारली तेव्हा मला वेगळंच ऐकू आलं, आणि मी तिला घरात घेतलं ती कायमचीच.

तिच्यामुळे मी ही परीक्षा आतून पाहिली. तेव्हापासून मनात साठलेलं आज लिहितेय, कारण परवा कुणीतरी मला म्हणालं, "चिनी मुलांना इंग्रजी येत नाही, नुसती घोकंपट्टी करतात." हे खरं नाही. मुलं जीव तोडून शिकतात. त्यांनी काय शिकावं हे परीक्षा ठरवते, आणि परीक्षेने एक फार महत्त्वाची गोष्ट गाळून ठेवली आहे.

गाओकाओ म्हणजे तिथली विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. सांस्कृतिक क्रांतीनंतर १९७७ साली ती पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये तिला १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी नाव नोंदवलं होतं. आपल्या महाराष्ट्रात बारावीला साधारण १५ लाख मुलं बसतात, त्यावरून अंदाज यावा. एकूण गुण ७५०. त्यात चिनी भाषेला १५०, गणिताला १५० आणि इंग्रजीलाही १५०. सध्याच्या राष्ट्रीय पेपरात श्रवणाला ३० गुण, वाचनाला ५०, गाळलेले शब्द आणि व्याकरणाला ३०, लेखनाला ४०. वेळ दोन तास.

श्रवणाची पहिली वीस मिनिटं मला नेहमी अंगावर काटा आणतात. इतर विषयांना मुलगा पेपर सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत उशिरा आला तरी आत घेतात. इंग्रजीला उलट. पेपर तीनला सुरू होतो आणि दार पावणेतीनलाच बंद होतं. केंद्राजवळ हॉर्न बंद, बांधकामं बंद. सगळं गाव श्वास रोखून उभं राहतं. मग ध्वनिमुद्रण सुरू होतं. पहिले पाच छोटे संवाद, प्रत्येक एकदाच. एक बाई बोलते, एक पुरुष उत्तर देतो, दहा सेकंद मिळतात, पुढचा संवाद. त्यानंतर लांब संवाद आणि शेवटी एकाच माणसाचं बोलणं, हे मात्र दोनदा ऐकवतात. एकूण वीस प्रश्न, प्रत्येकी दीड गुण. दीड गुण आपल्याला किरकोळ वाटेल. तिथे दीड गुणाने मुलगा यादीत हजारो जागा खाली जातो.

प्रश्न वाईट असतात का? मुळीच नाही. मी दहा-बारा वर्षांचे पेपर सोडवले आहेत आणि काढणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. भाषा स्वच्छ, प्रसंग रोजचे, पर्याय विचारपूर्वक रचलेले. पर्यायातले तिन्ही शब्द बऱ्याचदा संवादात येऊन जातात, त्यामुळे नुसता शब्द कानावर पडला म्हणून उत्तर मिळत नाही.

चिनी कानाला इंग्रजी का जड जातं तेही सांगते. मँडरिनमधला अक्षरोच्चार स्वरावर संपतो, नाहीतर न किंवा अनुनासिकावर, फार तर र वर. शेवटी त, ट, द, क येतच नाही. 'आस्क' आणि 'आस्क्ड' यांतला फरक चिनी मुलाच्या कानात विरून जातो. तसाच 'बुक' आणि 'बुक्स'चा. क्रियापदाला काळाची रूपंही त्यांच्या भाषेत नाहीत, त्यामुळे तो विरलेला 'ड' महत्त्वाचा आहे हे मुलाला आतून जाणवत नाही, नियम आठवावा लागतो. मोठ्या आकड्यांचा वेगळाच घोळ. आपण लाखात मोजतो, ते दहा हजारांच्या एका शब्दात मोजतात. 'हंड्रेड थाउजंड' ऐकल्यावर आपल्याला जसं क्षणभर थांबून 'हं, एक लाख' म्हणावं लागतं, तसंच त्यांनाही थांबावं लागतं. आणि ध्वनिमुद्रण थांबत नाही.

या सगळ्यावर मात करून वरच्या मजल्यावरची ती मुलगी सराव परीक्षेत ३० पैकी २८.५ आणायची.

२०१८च्या जुलैत तिची परीक्षा होऊन गेली होती, सुट्टी होती. आमच्याकडे इचलकरंजीचे एक व्यापारी आले होते, वयाने नवऱ्यापेक्षा मोठे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पॉलिएस्टरचा माल बघायचा होता. मी म्हटलं, ही पोरगी दुभाषी म्हणून बसू दे, तिलाही सराव होईल. अण्णांनी नमुन्यावर बोट ठेवलं आणि आपल्या ठसक्यात म्हणाले, "थर्टीन रोल." तिचं पेन कागदावर टेकलं. थांबलं. तिने अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि लिहिलं ३०. ते थांबणं मला स्पष्ट दिसलं. तिला शंका आली होती. तिने विचारलं नाही. दुकानदाराने तीस रोलचा हिशेब कॅल्क्युलेटरवर मारून अण्णांपुढे धरला तेव्हा चूक कळली, नुकसान काही झालं नाही. संध्याकाळी मी तिला विचारलं, "शंका आली होती ना? मग का नाही विचारलंस?" ती म्हणाली, "आयी, परत विचारता येतं हे डोक्यातच आलं नाही."

मला त्या रात्री झोप लागली नाही. बारा वर्षं ऐकण्याचा सराव केलेली मुलगी. तिच्या लेखी ऐकणं म्हणजे एक आवाज येणार, तो एकदा किंवा दोनदा वाजणार, आणि त्यानंतर तुमचं नशीब. खऱ्या आयुष्यात ऐकणं म्हणजे निम्मं विचारणंच असतं. "काय म्हणालात?" "पंधरा की पन्नास?" आपण आपल्या आईशी बोलतानाही दिवसातून दहा वेळा "अं?" करतो. गाओकाओच्या त्या वीस मिनिटांत "अं?"ला जागा नाही. चिनी लोक स्वतःच्या या अवस्थेला 'याबा यिंग्यू' म्हणतात, मुकं इंग्रजी. मला वाटतं मुकेपणाची सुरुवात कानापासून होते.

आवाजांचंही बघा. ध्वनिमुद्रणात ब्रिटिश किंवा अमेरिकन वळणाचे, स्टुडिओत धुऊन काढलेले आवाज असतात. खछियाओच्या, यीवूच्या बाजारात इंग्रजी बोलायला येतो तो माणूस इचलकरंजीचा, लाहोरचा, कैरोचा, लागोसचा असतो. त्या मुलांचं भवितव्य ज्या इंग्रजीत आहे ती त्यांना परीक्षेत कधी ऐकवतच नाहीत.

आता वाचन. चार उतारे, त्यावर पंधरा प्रश्न, शिवाय एक उतारा ज्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात आणि सातातून निवडून परत बसवायची असतात. हा शेवटचा प्रकार मला फार आवडतो, कारण त्यात परिच्छेदाचा ओघ कळल्याशिवाय सुटका नाही. चार उताऱ्यांचं मात्र शिकारीसारखं झालं आहे. शिकवण्याची पद्धत ठरलेली: आधी प्रश्न वाचा, त्यातला ठळक शब्द पकडा, उताऱ्यात तो शोधा, आजूबाजूच्या दोन ओळी वाचा, खूण करा. मुलांमध्ये एक तोडगाही फिरत असतो: तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड घ्या, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब घ्या.

एकदा तिने माझ्यासमोर सात मिनिटांत एक उतारा सोडवला. चारही उत्तरं बरोबर. मी म्हटलं, "लेखकाचं म्हणणं काय आहे?" ती गप्प. मी म्हटलं, "चिनीत सांग." माझं चिनी मोडकंतोडकं, पण तेवढं कळायचं. तिने सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळली. तो उतारा तिला समजलाच नव्हता! मग मी तिला आदल्या दिवशीचा दुसरा उतारा दिला, ज्यात तिचे दोन प्रश्न चुकले होते. तो तिने चिनीत असा सांगितला की ऐकत राहावं. लेखकाची भीती, त्याच्या वडिलांचा स्वभाव, सगळं.

चारपैकी चार मिळवणारी मुलगी वाचत नव्हती आणि दोन चुकणारी वाचत होती. ती एकच मुलगी होती.

अडखळायची कुठे तेही मी नीट पाहिलं. 'द गेस्ट हू केम येस्टर्डे' अशी रचना आली की थांबायची. मराठीत आपण "काल आलेला पाहुणा" म्हणतो. चिनीतही अगदी हाच क्रम: 'त्स्वोथिएन लाय द खरन', काल आलेला पाहुणा. विशेषण आधी, माणूस शेवटी. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि त्याची शेपटी मागून लांबत जाते. मी इचलकरंजीच्या मराठी शाळेत शिकलेली, मला ही अडचण आठवत होती, म्हणून तिला ती समजावता आली. तिच्या शिक्षकांना दोष देणार नाही मी. एकेका वर्गात पन्नास-पन्नास मुलं, आणि पेपर असा की ही अडचण न सोडवताही गुण मिळतात.

मग पर्याय काढून का टाकत नाहीत? याचं उत्तर मला २०१८च्या नोव्हेंबरात मिळालं. झेजियांगमध्ये इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि दोन्हींतले चांगले गुण धरतात. त्या वेळी पेपर आदल्या वर्षीपेक्षा अवघड गेला म्हणून वाचन आणि लेखनाच्या काही प्रश्नांचे गुण नंतर त्या प्रश्नांचं मोल जास्त धरून वाढवले गेले. मुलांना न सांगता. निकाल लागल्यावर पालकांनी हिशेब जुळवले आणि प्रांतभर संताप उसळला. आमच्या लिफ्टमध्ये, भाजीच्या गाड्यावर, दुसरा विषय नव्हता. चौकशी बसली, ५ डिसेंबरला मूळ गुण परत लावले गेले, आणि प्रांताच्या शिक्षण विभागाच्या प्रमुखाला पद गमवावं लागलं.

हे पाहिल्यावर ए-बी-सीचं महत्त्व मला कळलं. शेतमजुराचा मुलगा आणि कारखानदाराचा मुलगा यांच्यात तिथे ही एकच परीक्षा न्याय करते अशी लोकांची श्रद्धा आहे. पेन्सिलीने काळं केलेलं घर यंत्र वाचतं. यंत्राला ओळख नसते. ती श्रद्धा मोडेल असं काही करा असं मी म्हणणार नाही.

दर काही वर्षांनी इंग्रजीचे गुणच कमी करा अशी मागणी तिथे होते. २०१३ मध्ये बीजिंगने १५० वरून १०० करायचा मसुदाही काढला होता, तो अमलात आला नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. गुण कमी केले तर शहरातली मुलं घरच्या पैशावर इंग्रजी शिकतीलच. खेड्यातल्या मुलाला मात्र शाळा जे देते तेवढंच मिळतं, आणि शाळा तेच देते ज्याला गुण आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की १५० गुण राहू द्यात, त्यातले थोडे वेगळ्या ठिकाणी ठेवा. हे अशक्य नाही, कारण त्यांनी स्वतःच एकदा केलं आहे. २०१६ पासून झेजियांगमध्ये एक प्रश्न आला: साधारण साडेतीनशे शब्दांची गोष्ट वाचायची आणि पुढचे दोन परिच्छेद आपण लिहायचे. २५ गुण. ती गोष्ट समजल्याशिवाय पुढे नेताच येत नाही, तिथे शिकार चालत नाही. आता तो प्रश्न बऱ्याच प्रांतांत आहे. उत्तरं माणसं तपासतात, एकेक उत्तर दोन परीक्षक, फरक फार पडला तर तिसरा. लोकांनी ते मान्य केलं आहे. मग श्रवणातले दहा गुण असे का नाही ठेवता येणार, की ऐका आणि काय समजलं ते चिनीत लिहा? स्वतःच्या भाषेत! इंग्रजी ऐकून कळलं का एवढंच मोजायचं असेल तर इंग्रजीत लिहायची सक्ती कशाला? हे मी बोलले की शिक्षक मंडळी दचकतात, त्यांना वाटतं इंग्रजीच्या पेपरात चिनी म्हणजे पराभव. मला वाटत नाही.

बीजिंगमध्ये २०२१ पासून श्रवण आणि संभाषणाची संगणकावर परीक्षा होते, ५० गुणांची, वर्षातून दोन संधी. चांगलं पाऊल आहे. मुलं निदान तोंड उघडतात. पण संगणक विचारतो आणि मूल उत्तर देतं. मुलाने संगणकाला "पुन्हा सांगा, कळलं नाही" म्हणायची सोय असती, आणि नीट विचारलं म्हणून अर्धा गुण मिळाला असता, तर चीनच्या प्रत्येक वर्गात दुसऱ्या दिवसापासून परत विचारायला शिकवलं असतं. तिथे जे परीक्षेत येतं ते शिकवलं जातंच, एवढी ताकद त्या परीक्षेत आहे.

अण्णा त्यानंतर चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी ती आली, नमुन्यांची वही उघडून बसली. अण्णा म्हणाले, "फिफ्टीन." तिने पेन खाली ठेवलं, एक बोट वर केलं, मग पाच बोटं, आणि विचारलं, "वन फाइव्ह? ऑर फाइव्ह झिरो?" अण्णा हसले आणि त्यांनीही बोटं दाखवली. एक, पाच.