भुयारातला वन बीएचके

डोंबिवलीच्या माणसाला दुसऱ्याचं घर दाखवायला नेऊ नये. आपल्याला ते विकत घ्यायचंय असं धरूनच तो बघतो. मावशी आणि काका ॲडलेडला आमच्याकडे आले तेव्हा बायको म्हणाली, "ऑपेरा हाऊस काय, सगळेच बघतात. यांना खरा ऑस्ट्रेलिया दाखव." आणि लगोलग स्वतःला सुट्टी मिळत नसल्याचंही जाहीर करून मोकळी झाली.

खरा ऑस्ट्रेलिया आमच्यापासून साधारण ८५० किलोमीटरवर आहे. गावाचं नाव कूबर पीडी. पोर्ट ऑगस्टा मागे पडलं की लाल माती, खुरटी झुडपं आणि रस्त्याकडेला मेलेली कांगारू, एवढंच. "इथे गुंठ्याला काय भाव असेल रे?" काका अधूनमधून विचारत. पेट्रोल पंप आला की मावशी हुकूम सोडायची, "सगळ्यांनी जाऊन घ्या." गाडीचं दार उघडताच माश्या नाकाडोळ्यांत शिरत. त्यासाठी डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते. मावशीने ती घातली आणि जाळीतूनच चकली खायचा प्रयत्न केला.

१९१५ साली विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला इथे ओपल हे रंगीत चमकणारं रत्न सापडलं. बाप सोनं शोधत होता, पोराने भलतंच आणलं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना खंदकात राहायची सवय होतीच. त्यांनी टेकड्या पोखरून संसार थाटले. उन्हाळ्यात बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आत मात्र बारा महिने तेवीस ते पंचवीस अंश. एका बाईंनी आपलं असंच घर पाहुण्यांसाठी खुलं ठेवलंय. तिकीट काढून आत गेलो, आणि मावशीची तपासणी सुरू झाली.

"हवा कुठून येते?" छतातून वर गेलेलं नळकांडं दाखवण्यात आलं. "कपाट हवं असेल तर?" भिंत कोरायची. "पावसाळ्यात गळतं का?" इथे वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हे ऐकून मावशीला त्या बाईंची दयाच आली. भिंतींवर यंत्राच्या दातांचे गोल गोल ओरखडे होते आणि धूळ झडू नये म्हणून वरून पारदर्शक लेप. मावशीने त्यावरून बोट फिरवलं, बोट चष्म्याजवळ नेऊन पाहिलं आणि पसंतीची मान हलवली. मग मला म्हणाली, "मेंटेनन्स किती, विचार."

इथे खोली वाढवताना लोकांना ओपल सापडल्याच्या गोष्टी सांगतात. काकांनी उसासा टाकला. "आमच्याकडे बाथरूमची फरशी उखडली तर खालच्या मजल्यावरचे जोशी सापडतात."

क्रोकोडाइल हॅरीच्या गुहेत मी त्यांना न्यायला नको होतं, असं बायकोचं मत आहे. हा गृहस्थ लॅटव्हियाचा. आधी मगरी मारायचा, मग इथे येऊन ओपल खणू लागला. २००६ साली वारला, पण गुहा तशीच आहे. भिंतींवर पाहुण्यांची नावं, जागोजागी पुतळे आणि छताला लटकवलेले बायकांचे आतले कपडे. काका एकदम बुटाची नाडी बांधू लागले. मावशीने मात्र वर शांतपणे पाहिलं. "दोरीवर घातले असते तर लवकर वाळले असते."

गावाबाहेर खाणींचे उघडे खड्डे असंख्य. 'पळू नका, मागे चालू नका' अशा पाट्या, त्यात खड्ड्यात पडणाऱ्या माणसाचं चित्र. आता मला सांगा, 'थोडे मागे, अजून थोडे मागे' म्हटल्याशिवाय आपल्याकडे एक तरी फॅमिली फोटो निघालाय का? काका फोटो काढत असताना मी त्यांचा पट्टा धरून उभा होतो.

ओपल घासणाऱ्या कारागिरापुढे मावशी पहिल्यांदा गप्प झाली. त्याने काडीच्या टोकाला लाखेने खडा चिकटवला आणि ओल्या चाकावर धरला. करडी साल गेली, पाण्याचा ओघळ पांढरट झाला आणि दिव्याखाली हिरव्यातून एकदम लाल चमकलं. मग भावाची बोलणी. अख्खा खडा महाग. ओपलचा पापुद्रा काळ्या पाठीवर चिकटवला की डब्लेट, त्यावर स्फटिकाचं झाकण बसवलं की ट्रिपलेट. "गुरुजींनी शुक्रासाठी अख्खाच सांगितलाय," मावशी म्हणाली, "पण शुक्राला मागची बाजू कुठे दिसतेय?" डब्लेट घेतलं. बॉक्स फुकट घेतला.

शेवटचा मुक्काम विल्यम क्रीक. दीडशेहून जास्त किलोमीटर कच्चा रस्ता. भोवतीच्या ॲना क्रीक नावाच्या गुरांच्या कुरणात चार गोवे आरामात बसतील, आणि माणसांची वस्ती म्हणजे जेमतेम मूठभर. पण पब १८८७ पासूनचा. समोरून तेव्हा 'घान' नावाची रेल्वे जायची. १९८० मध्ये तिचा मार्ग हलवला, पब मात्र तिथेच राहिला. शाकाहारी म्हणून आमच्यापुढे चिप्सचं ताट आलं. भिंती आणि छत पाहुण्यांच्या टोप्या, नोटा, परवाने आणि व्हिजिटिंग कार्डांनी मढलेले. रेल्वेशी जुनं नातं म्हणून काकांनी पाकिटातून मध्य रेल्वेचा मुदत संपलेला पास काढला आणि मोठ्या भक्तिभावाने भिंतीला टोचला.

तेवढ्यात मावशीला शेजारीच मराठी आडनाव दिसलं. ठाण्याचे विमा एजंट. फोन नंबर, आणि खाली पेनाने 'अवश्य भेटा'.

काकांनी झटकन पास उपटून खिशात घातला.

"नाव आहे रे त्यावर."