रिअल आयडी: राहायची परवानगी चालू, लायसन्स बंद

रिअल आयडी म्हणजे केंद्राच्या मानकाप्रमाणे राज्यांनी दिलेलं, कोपऱ्यात तारा छापलेलं अमेरिकी ड्रायव्हिंग लायसन्स, देशांतर्गत विमानाला ओळख म्हणून चालणारं. ते लागू करायला वीस वर्षं लागली हो अमेरिकी सरकारला. ११ मे २००५ ला बुश यांनी सही केली, तीसुद्धा युद्धखर्च आणि त्सुनामी मदतीच्या विधेयकाला शेपूट म्हणून जोडलेल्या कायद्यावर. मे २००८ पासून अंमलबजावणी होणार होती. मग तारीख सरकत सरकत २०२० वर गेली, तिथून २०२१, तिथून २०२३, आणि अखेर ७ मे २०२५ ला विमानतळावर तारा बघायला सुरुवात झाली. एवढ्या अवधीत लायसन्सच्या कोपऱ्यात तारा छापायला जवळपास सगळी राज्यं शिकली. पण कायदेशीर राहणारा, नियमित टॅक्स कापला जाणारा एच-१बीवाला, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावरचा माणूस, या नियमांत नीट बसत नाही, हे दुरुस्त करावंसं कुणालाच वाटलं नाही.

नियम बघा. ओळख पटवायला परदेशी पासपोर्ट चालतो. पण त्यात मुदत न संपलेला अमेरिकेचा व्हिसा हवा आणि जोडीला आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, हवा. अरे, व्हिसा असतो आत यायला! किती दिवस राहायचं हे आय-९४ ठरवतो, व्हिसाचा शिक्का नाही. तीन वर्षांचं स्टॅम्पिंग संपतं, कंपनी इथूनच एक्स्टेन्शन करते, नवा आय-७९७ए, म्हणजे मंजुरीचा कागद, हातात येतो, आणि माणूस शंभर टक्के कायदेशीर असतो. मग निव्वळ लायसन्ससाठी बीकेसीतल्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट काढून मुंबई गाठायची का? कॅलिफोर्नियाच्या यादीत वैध पासपोर्ट आणि आय-९४ एवढंच आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. दुसरीकडे काउंटरवरचा माणूस शिक्क्याच्या तारखेवर बोट ठेवून मान हलवतो. देशभर एकच मानक करायचं म्हणून हा सगळा घाट घातला होता ना?

खरी मेख मुदतीत आहे. तात्पुरत्या स्टेटसवाल्याचं ताऱ्याचं लायसन्स आय-९४ च्या तारखेपलीकडे देता येत नाही. कंपनी एक्स्टेन्शन फार तर सहा महिने आधी फाइल करू शकते. नियमित प्रोसेसिंगमध्ये ते लटकलं की हातात उरते आय-७९७सी रिसीट. त्या रिसीटवर २४० दिवस काम करायची मुभा आहे. पगार चालू, टॅक्स चालू, घरभाडं चालू. पण तात्पुरतं लायसन्स कुणाला द्यायचं याची कायद्यात जी यादी आहे, तीत आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेले आहेत, ग्रीन कार्डचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असलेलेही आहेत, एक्स्टेन्शन प्रलंबित असलेले मात्र नाहीत! म्हणजे ऑफिसात बसून काम करायला हरकत नाही, ऑफिसपर्यंत गाडी चालवत जायला हरकत आहे. डॅलसच्या उपनगरात राहणाऱ्याने करायचं काय, बसची वाट बघायची? काही राज्यं रिसीट बघून थोडे महिने वाढवून देतात, काही सरळ ‘अप्रूव्हल आणा’ म्हणून परत पाठवतात. त्यामुळे लायसन्सची तारीख जवळ असेल तर कंपनीच्या वकिलाच्या मागे लागून जादा फी भरून लवकर निकाल देणारं प्रीमियम प्रोसेसिंगच करून घ्या. पंधरा कामकाजाच्या दिवसांत निदान उत्तर तरी येतं.

बरं, अप्रूव्हल आलं तरी सुटका नाही. क्लार्क म्हणतो, सीमेवर तपासणी करणाऱ्या सीबीपीच्या वेबसाइटवरून काढलेला आय-९४ दाखवा. त्या साइटवर दिसते शेवटची एंट्री आणि तेव्हाची जुनी तारीख. एक्स्टेन्शन इमिग्रेशन खातं, म्हणजे यूएससीआयएस, देतं आणि नवा आय-९४ आय-७९७ए च्या खालच्या भागात छापलेला असतो, ही माहिती काउंटरपलीकडे अनेकांना नसते. म्हणून तो कागद अख्खाच न्या, खालचा तुकडा फाडून पासपोर्टात ठेवला असेल तर तोही न्या. अप्रूव्हलनंतर भारतात जाऊन आला असाल तर उलटं: आता विमानतळावर मिळालेला आय-९४ ताजा, आणि तोच धरला जाणार. त्यात पासपोर्ट संपत आला असेल, तर अधिकारी बऱ्याचदा पासपोर्ट संपतो तिथपर्यंतचीच तारीख देतो. लायसन्सही तेवढंच. पासपोर्ट प्रवासाआधी नवा करा, नंतर नाही.

मग येतं सेव्ह. स्टेटस तपासणारी यूएससीआयएसची ही यंत्रणा धड चालली तर काही सेकंदांत उत्तर देते. नाव, जन्मतारीख किंवा आय-९४ चा क्रमांक जुळला नाही की केस पुढच्या तपासणीला जाते आणि तुम्ही हात हलवत घरी. २०१९ पासून या क्रमांकात दहाव्या जागी अक्षर येतं, ते सवयीने आकडा म्हणून टाइप केलं तरी गाडी तिथेच अडते. टाइप केलेला क्रमांक तिथल्या तिथे वाचून घ्या. उत्तर आलं नाही तर सेव्हचा केस नंबर मागितल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तो असला की केसचेकच्या साइटवर फाइल कुठे अडलीय ते घरून बघता येतं, नाहीतर खेटे घालत बसा.

नावांचा घोळ तर आपल्या लोकांच्या पाचवीलाच पुजलेला. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात. सोशल सिक्युरिटीवाल्यांनी वडिलांचं नाव मधलं धरलं, लायसन्स देणाऱ्या डीएमव्हीने दोन्ही मिळून पहिलं धरलं, की झाले एका माणसाचे दोन. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर व्हिसावर पहिलं नाव म्हणून ‘एफएनयू’ (पहिलं नाव अज्ञात) येतं आणि पुढे तेच कागदोकागदी फिरतं. लग्नानंतर आपल्याकडे मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, कधी पहिलंही. ओळखीच्या कागदावरचं नाव आणि लायसन्सवर हवं असलेलं नाव वेगळं असेल तर नावबदलाचा पुरावा लागतो. आपल्या विवाह नोंदणी दाखल्यावर मात्र बहुधा माहेरचंच नाव असतं. त्यामुळे क्रम चुकवू नका: आधी पासपोर्ट, मग व्हिसा आणि आय-९४, मग सोशल सिक्युरिटी, शेवटी लायसन्स.

एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या बायकोचे हाल तर विचारूच नका. काम करायची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि नंबर नाही हे सिद्ध करायला काही राज्यांत सोशल सिक्युरिटीच्याच ऑफिसात जाऊन नकाराचं पत्र आणायचं! एसएसए-एल६७६ नाव त्याचं. नकार मिळवण्यासाठी रांग लावायची ही कल्पना कुणाच्या सुपीक डोक्यातून आली असेल? पुढे पत्त्याचे दोन पुरावे. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, इंटरनेटही त्याच्याच. करार करतानाच दोघांची नावं भाडेकरू म्हणून घाला, नुसतं ‘राहणारी व्यक्ती’ म्हणून नको. जॉइंट खातं उघडा आणि स्टेटमेंट घरच्या पत्त्यावर मागवा, पोस्ट बॉक्सचा पत्ता चालत नाही. गंमत म्हणजे खुद्द कॅलिफोर्नियाने आधी पत्त्याचा एकच पुरावा घेऊन सुमारे २३ लाख कार्डं वाटली होती. २०१८ च्या शेवटी केंद्राने कान पिळल्यावर ती निस्तरायला घरोघर पत्रं पाठवावी लागली. चूक राज्याची झाली की पत्राने भागतं, तुमची झाली की नवी अपॉइंटमेंट.

आणि ही सगळी यातायात ज्या ताऱ्यासाठी, तो आपल्यातल्या बहुतेकांना विमानासाठी लागतच नाही. देशांतर्गत विमानाला भारतीय पासपोर्ट चालतो, ग्रीन कार्ड चालतं, ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्डही चालतं. आधार आणि ओसीआय कार्ड पुढे करू नका, त्यांचा तिथे उपयोग नाही. वॉशिंग्टनसारख्या राज्यात साधं, ताऱ्याविना लायसन्स स्टेटस न विचारता मिळतं, त्यावर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ छापलेलं असतं आणि ते आय-९४ ला बांधलेलं नसतं. तिथे राहत असाल तर तेच घ्या आणि विमानाला पासपोर्ट न्या. फेब्रुवारी २०२६ पासून चालणारं ओळखपत्र नसलेल्यांकडून टीएसए, म्हणजे विमानतळावरची सुरक्षा यंत्रणा, ओळख पटवण्याचे ४५ डॉलर घेतं, तेही फक्त दहा दिवसांपुरते. पासपोर्ट खिशात असेल तर त्या रांगेकडे बघायचंही कारण नाही.